जावयाशेजारची सीट

आप्पासाहेबांना दुसऱ्याचं काम करून दिल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही, आणि काम जावयाचं असलं तर मग विचारूच नका. माणूस तसा सरळ. पण सरळ माणसानं घातलेला घोळ निस्तरता निस्तरत नाही, हे काय खोटं आहे?

तर झालं असं. लेक सायली महिनाभर माहेरी, हर्सूलला येऊन राहिली होती. जावई विश्वजीत देवगाव रंगारीला आपल्या घरी. दुसऱ्या दिवशी दोघं मुंबईहून अमेरिकेला परत निघणार होते. तिकिटं काढून देणारा चांदपाशा हा आप्पासाहेबांचा जुना दोस्त. त्याच्या दुकानात चहा पिता पिता त्यानं कॉम्प्युटरवर विमानातल्या सीटांचा नकाशा उघडला.

"आप्पा, ये देखो. पोरगी पुढं, जावई पार शेपटाकडं. तिनंच निवडलंय असं."

"आरं, तिला काय कळतंय! सोळा तासांचा प्रवास, नवरा-बायकोनं लांब लांब बसायचं व्हय? जोडीनं बसव त्यांला. पाय पसरता येतील अशी जागा बघ."

चांदपाशानं शोधून शोधून जागा काढली. दोनच सीटा, शेजारी तिसरं कुणी नाही, पुढं ऐसपैस मोकळं. "इससे अच्छी पूरे जहाज में नहीं," तो म्हणाला. आप्पासाहेबांनी नव्या सीटांचे नंबर लगोलग जावयाच्या मोबाइलवरही धाडायला लावले. घरी येताना आप्पासाहेब अर्धा पाव जिलेबी घेऊन आले.

सायली बॅग भरत होती. बापाचं ऐकलं आणि मटकन पलंगावर बसली.

"आप्पा, काय केलंत हे? मी त्यांना सांगितलं होतं, शेजारी शेजारी जागाच शिल्लक नाय."

"खोटं कशापायी बोललीस बाई?"

"येताना ते शेजारीच बसले होते. पांघरुणाखालून चिमटे काढत होते, मांडी काळीनिळी होईस्तोवर. चहूकडं माणसं, ओरडायचं कसं? वाटलं, जातानाचे तेवढे तास तरी अंगाला हात लागू नये." तिनं बॅग बाजूला सारली. "आता खोटंही उघडं पडलं."

आप्पासाहेब ताडकन उठले. त्यांनी चांदपाशाला फोन लावला. पण जुनी सीट केव्हाच दुसऱ्या कुणी घेतली होती, आणि लांबची एकही जागा उरली नव्हती. जिलेबीचा पुडा तसाच टेबलावर पडला होता. आपल्याच हातानं आपण पोरीला बांधून दिलं होतं.

"मग जाऊच नको तू," ते म्हणाले.

सायलीनं वर पाहिलं. "दिवाळीला मी फोनवर रडले तेव्हा तुम्ही म्हणालात, भांड्याला भांडं लागायचंच, जुळवून घे."

"चुकलं माझं. नको जाऊ."

"खरंच म्हणताय? मग तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही सांगितलं तर राहते मी. एकटीच्या तोंडानं नाय व्हायचं माझ्या."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. विश्वजीतच. तिनं तो न उचलता बापाच्या हातात दिला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. किती आशेनं बघत होती पोरगी!

"मामा, सीट लई भारी काढली तुम्ही," जावई हसत होता. "सायली तर म्हणाली, जागाच नाय. बघतो आता तिच्याकडं."

आप्पासाहेबांच्या जिभेवर वाक्य आलेलं होतं. माझी लेक येणार नाही, एवढंच. पण लग्नात ज्याचे पाय धुतले, ज्याच्यापुढं सहा वर्षं मान खालीच घातली, त्याच्याशी वर तोंड करून बोलायची सवयच नव्हती हो त्यांना! पलीकडून जावई "हॅलो, हॅलो" करत होता.

"व्हय जावईबापू," ते म्हणाले, "खिडकीची तुम्हालाच ठेवायला सांगितलीय."

सायली उठली आणि राहिलेले कपडे बॅगेत भरायला लागली.