रस्ता ओलांडायची योग्य पद्धत

माझं काम सांगितलं की लोकांना आधी हसू येतं, मग माझी कीव. मी बिनड्रायव्हरच्या गाडीसमोरून रस्ता ओलांडते. पगारी. गाडी येते, मी आडवी जाते, गाडी थांबते, मी पलीकडे पोचते आणि मग परत इकडे. वर्षभर हेच चाललंय. नवरा गेल्यावर मी घरात भिंतींशी भांडत बसले होते, तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, आमच्या कंपनीत ये. नुसतं चालायचंय." आयुष्यभर फुकट चाललेच की, म्हटलं, आणि गेले.

कंपनीनं कंपाउंडच्या आत एक खोटा रस्ता बांधलाय. पांढरे पट्टे खरे, सिग्नल खरे, दुकानं पुठ्ठ्याची. भाचा तिथे इंजिनियर आहे. गाडी थांबलीच नाही तर दाबायचं एक लाल बटण हातात घेऊन तो कडेला खुर्चीवर बसायचा. दाबायची वेळ कधी आली नाही. मला बघून गाडी इतकी अलगद थांबायची, की आमच्या घरात माझं इतकं कुणी कधी ऐकलेलं नाही. मी जाता जाता तिच्या बॉनेटवर थोपटायचे. लेकरू गुणाचं होतं.

मग मला ताप आला आणि माझ्या जागी माझी धाकटी जाऊ गेली. ती जन्मात कुणाच्या अध्यात ना मध्यात. गाडी सरळ तिच्या अंगावर गेली. भाच्यानं बटण दाबलं म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. कंपनीनं तिला फुलांचा गुच्छ पाठवला, तिनं तो तसाच माझ्याकडे पाठवला.

संध्याकाळी भाचा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा निवला तरी पिईना.

"घोळ झालाय, आत्या. वर्षभर आपण गाडीला फक्त तुलाच दाखवलं. तिच्या लेखी माणूस म्हणजे तू. तुझी उंची, तुझं ते मान ताठ करून तरातरा जाणं. बाकीचे सगळे म्हणजे सावल्या नाहीतर उडणारे कागद."

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मग जावेचं कोपर आठवलं.

"अरे मेल्या, मग साहेबांना सांग की!"

"सांगितलं."

साहेब माणूस वाईट नाही. आवाज कधी चढवत नाही, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. त्याचं म्हणणं असं, की गाडीला पुन्हा शिकवायला आणखी वर्ष जाईल. तोवर दारू पिऊन गाड्या हाकणाऱ्यांच्या खाली जी माणसं मरतील, त्यांचा जीव कुणाच्या खात्यावर? आणि हे काही खोटं नाही, हीच तर पंचाईत. तेव्हा गाडीला माणसं शिकवण्यापेक्षा माणसांना चालायला शिकवावं, ते लवकर होईल, असं त्यानं ठरवलं. शिकवायला मी होतेच.

ज्या रस्त्यांवर गाडी सोडायची होती, तिथल्या लोकांसाठी एका हॉलमध्ये वर्ग सुरू झाले. मान ताठ, हात अंगाशी, मध्ये थांबायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. एक आजोबा काठी टेकत चालले. काठी घरी ठेवून या, असं त्यांना नम्रपणे सांगण्यात आलं. लोकही काय एकेक! मुकाट्यानं माझ्यासारखे चालायला लागले. एकानं तर घरी सराव करायला माझा व्हिडिओ मागितला.

तिसऱ्या वर्गाला भाच्याची बायको लेकीला घेऊन आली. पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. पाच वर्षांची आहे, चालणं तिला ठाऊकच नाही. दोन उड्या, एक गिरकी, मध्येच खाली बसून मुंगी बघणार. मी हात धरून शिकवलं, दटावलं, शेवटी लाडीगोडी लावली. ती खिदळत लंगडी घालत गेली. भाचा दारात उभा राहून बघत होता. साहेब त्याला म्हणाला, "लहान मुलांचा हात मोठ्यांनी धरावा, अशी सूचना टाकू." भाच्यानं मान डोलावली. ती मान धरून गदागदा हलवावी असं मला वाटलं.

"तुझी पोर आहे ती," मी घरी त्याला म्हटलं.

"मी एकटा काय करणार, आत्या?" तो म्हणाला आणि निघून गेला.

परवानगी द्यायला सरकारी तपासनीस बाई यायच्या होत्या. एका प्रौढ व्यक्तीनं रस्ता ओलांडून दाखवायचा, असा नियम. ती व्यक्ती कोण, हे नियमात नव्हतं. लाल बटण त्या दिवशी काढून ठेवायचं होतं. म्हणजे मी जाणार, गाडी थांबणार, शिक्का बसणार, आणि खोटं कुणीच बोललेलं नसणार. रात्रभर मला काही झोप लागली नाही.

बाई आल्या. गाडी निघाली. मी पट्ट्यावर पाय ठेवला आणि भिंगरीसारखी लंगडी घातली. या वयात! दोन उड्या, एक गिरकी. मी शूर वगैरे मुळीच नाही. भीतीनं जीव जातोय असं झालं होतं. पण मनात कुठेतरी होतं, इतक्या दिवसांची ओळख आहे, कशीही गेले तरी मला ओळखेल.

नाही ओळखलं.

पाय मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. गाडी धक्क्यानं जरा थबकली. समोर माणूस नाही अशी तिची खात्री पटली असावी, कारण ती पुन्हा निघाली. भाच्यानं धावत येऊन मला काखेत धरून बाजूला ओढलं. गाडी माझ्या चपलेवरून गेली आणि रस्त्याच्या टोकाला नीट रेषेत जाऊन उभी राहिली.

साहेब पळत आला. चेहरा पांढराफटक. "आमच्या बाई चुकल्या," तो तपासनीस बाईंना म्हणाला. "वर्षभरात असं कधी झालं नाही. तुम्हीच सांगा, रस्त्यावर असं कुणी चालतं का?"

माझं डोकं भाच्याच्या मांडीवर होतं.

"माझी मुलगी चालते," तो म्हणाला.

तपासनीस बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "कुठे राहता तुम्ही?"

त्यानं आमच्या रस्त्याचं नाव सांगितलं. सोमवारपासून गाडी जायची होती, तोच रस्ता. मग साहेबाकडे न बघता तो पुढे सगळं सांगायला लागला, आणि मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.