वरच्या कोपऱ्यातली माती

तपासणीला माती पाठवायची म्हणून सुनेने म्हाताऱ्याला बजावलं होतं : नऊ जागी खणा, सगळी माती कालवा, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. म्हाताऱ्याने अर्धा किलो तेवढं ऐकलं. कचेरीत जायची वस्तू, चार परकी माणसं ती उघडून बघणार, तिथे बांधाकडची पांढुरकी, उपाशी माती कुठल्या तोंडाने पाठवायची? पाहुण्याला कोणी फुटक्या कपात चहा देतं का? तो थेट शेताच्या वरच्या कोपऱ्यात गेला. तिथे पूर्वी घरचा उकिरडा होता. तिथली काळीभोर, भुसभुशीत माती त्याने पिशवीत भरली आणि घराण्याची अब्रू राखल्याच्या समाधानात घरी आला.

कागद आला : नत्र भरपूर, वरखताची गरज नाही. म्हातारा दोन दिवस नुसता मिरवत होता. सून कागदाबाहेर पाऊल टाकणाऱ्यांतली नव्हे. तिने युरियाची एकही गोणी आणली नाही.

खरं तर हा हंगाम तिने नवऱ्याकडून भांडून मिळवला होता. तो वीटभट्टीवर मुकादम. शेतातली वरची हातभर माती भट्टीला द्यायची, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. एक हंगाम मला करू द्या, मका साधला नाही तर माती न्या, असा शब्द देऊन तिने त्याला थोपवलं होतं.

मका कमरेला लागला आणि पिवळा पडू लागला. खालची पानं टोकापासून मधल्या शिरेने करपत चालली. हिरवागार होता तो फक्त वरचा कोपरा. तो म्हाताऱ्याने बघितला. आपण काय करून ठेवलं, हे त्याला तिथेच उमगलं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? तो मिठाची गुळणी धरून बसला. एक दिवस नाही, पंधरा दिवस. सून मात्र रोज उजाडायच्या आत शेतात जायची. तण राहिलं असेल, पाणी कमी पडलं असेल, म्हणून एकटीच राबायची.

सोळाव्या दिवशी मक्याला तुरे आले, तेही मरतुकडे. नवरा बांधावर उभा राहिला.

"झाली हौस? कागद वाचून शेती होत नसते."

"माझंच काहीतरी चुकलं," सून खाली बघत म्हणाली.

म्हाताऱ्याला ते ऐकवेना. "तुझं नाही चुकलं, पोरी. ती माती मी उकिरड्याच्या जागेवरची दिली. सगळी तिथलीच."

सुनेने मान वर केली. "तुम्हाला कधी कळलं, आबा?"

"पानं पिवळी पडली तेव्हा."

"तेव्हा सांगितलं असतं तर खत घालून निम्मं पीक तरी हाताशी आलं असतं."

म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक कोणाची का असेना," मुलगा म्हणाला, "कणसं भरणार नाहीत. शब्द म्हणजे शब्द. आबा, सोमवारी भट्टीच्या कागदावर तुमची सही लागेल."

जमीन अजून म्हाताऱ्याच्या नावावर होती. आजवर मुलगा म्हणेल तिथे त्याने मुकाट सही केली होती.

"नाही करणार," तो म्हणाला. "शब्द तिच्या हंगामाचा होता. हा हंगाम मी बुडवला. तिचा अजून व्हायचाय."

"आणि तोवर घर कशावर चालवायचं?"

मुलगा पाय आपटत निघून गेला. म्हाताऱ्याला वाटलं, आता सून दोन गोड शब्द बोलेल. पण ती पिवळ्या ओळींतून बराच वेळ फिरली आणि परत त्याच्यापाशी आली.

"काढणी झाली की नऊ खड्डे घेऊ," ती म्हणाली. "खणा तुम्ही. पिशवी मी भरणार. तुम्ही तिला हात लावायचा नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली.