टेबलाच्या पायाखालचा शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पाठ उसवलेली, कोपरे झिजलेले. छापखान्यातून निघालो तेव्हा मला उचलताना दोन माणसांच्या कमरा धरल्या, असं मी सांगत असतो. खरं-खोटं करायला आता कोणी उरलेलं नाही.

एका टंकलेखकाने मला विकत आणलं. त्याच्या खोलीत एक टंकयंत्र, एक डुगडुगतं टेबल आणि दोन खुर्च्या. लोक कागद घेऊन येत. नोकरीच्या पत्रातला हा शब्द चांगला की वाईट? अर्जात स्वल्पविराम कुठे द्यायचा? एका घरमालकाला भाडेकरूच्या नोटिशीत ओळीने पाच उद्गारचिन्हं हवी होती. टंकलेखकाने माझी विरामचिन्हांची शेवटची पानं उघडून दाखवली आणि एका पूर्णविरामावर त्याची बोळवण केली. प्रश्न कितीही सोपा असो, मला उघडल्याशिवाय तो तोंड उघडत नसे.

पुढे त्याला सगळं पाठ झालं. लोक त्यालाच चालताबोलता शब्दकोश म्हणू लागले. मी टेबलाच्या पायाखाली गेलो.

एके दुपारी गल्लीतली शिवणकाम करणारी बाई नवऱ्याचा तपासणीचा कागद घेऊन आली. पोटातल्या गाठीपुढे एकच शब्द होता, 'बिनाइन'. असा शब्द आजवर टंकलेखकाकडे कोणी आणला नव्हता. पण रांगेतली माणसं बघत होती. मान हलवून तो हळूच म्हणाला, "ताई, धीर धरा. गाठ वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने आणलेला डबा उघडताना त्याने हे तिला सांगितलं.

"अहो, बघून सांगितलंत ना?"

"एवढं काय बघायचं त्यात?"

"तिच्या घरचं माणूस आहे म्हणून विचारलं."

त्याचा घास हातातच राहिला. त्याने टेबल उचलून मला ओढून काढलं. माझी पानं ओलीने चिकटली होती, ती फुंकर घालून सोडवली. अर्थ होता: निरुपद्रवी, जिवाला धोका नसलेली गाठ.

मला काखोटीला मारून तो तिच्या दारात गेला. "ताई, मी न बघता सांगितलं. गाठ साधी आहे."

ती खाली बसली. बराच वेळ रडली. मग म्हणाली, "काका, पोरीची नर्सिंगच्या शाळेतली जागा सकाळीच सोडून आले मी. घरी माणूस लागेल म्हणून."

त्याने तीन अर्ज टाइप केले. जागा परत मिळाली नाही. पोरीचं वर्ष गेलं.

मित्रांनो, मला नवं वेष्टण नको, कपाट नको. येतो असं वाटणारा शब्दसुद्धा एकदा उघडून बघा. कागद घेऊन समोर बसलेलं माणूस तुमच्या तोंडाकडे बघत असतं.