बिनचावीचं गाणं

त्याचं खरं नाव काय, हे आता त्याच्या आईलासुद्धा क्षणभर आठवावं लागतं. सगळे त्याला शंक्या म्हणतात, कारण शंका हाच त्याचा नाश्ता आणि शंका हेच जेवण. आईने चहात साखर जरा जास्त घातली की हा विचारणार, "आज काय काम काढलंयस माझ्याकडे?" ताई त्याच्याशी गोड बोलली, तर आधी स्वतःचा चार्जर जागेवर आहे का ते बघून येणार. वय जेमतेम एकोणीस, पण संशय मात्र साठीतल्या हवालदाराचा.

अशा माणसाला कामही कुठे मिळावं, तर मामाच्या चाव्यांच्या दुकानात! दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने श्वाससुद्धा बाहेर घ्यावा. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या चाव्या लटकलेल्या, आणि कोपऱ्यात चावी कापायचं जुनं मशीन. त्याचं चाक जरा वाकडं होतं. खर्र-खर्र करायचं आणि मग एक खट्ट. मामा ते दुरुस्त करणार होता, गेली कित्येक वर्षं करणारच होता. कोणी एका चावीच्या दोन चाव्या करायला आलं की शंक्याच्या तोंडून निघालंच, "दुसरी कुणासाठी?"

"अरे गाढवा," मामा कपाळावर हात मारायचा, "आपण चाव्या करतो, चौकशा नाही!"

पण दोन ठिकाणी शंक्याचा जीव मोकळा व्हायचा. एक रॅप आणि दुसरं बास्केटबॉल. त्यावर तो चाव्या घासता घासता तासन्‌तास विचार करायचा. रॅप त्याला आवडायचं, कारण रॅपमध्ये माणूस इतक्या भरभर बोलतो की खोटं रचायला त्याला वेळच मिळत नाही, असं त्याचं मत होतं. बास्केटबॉल आवडायचं, कारण तिथे फसवाफसवी उघडउघड असते. डावीकडे झुकायचं आणि उजवीकडे निसटायचं. समोरच्यालाही माहीत असतं, हा फसवणार. घरात, दुकानात, रस्त्यावर लोक फसवतात, पण मैदानावर त्याला खेळ म्हणतात, एवढाच काय तो फरक. असे विचार आले की तो ते यमकात बसवायचा. मामा जेवायला गेला की मशीनचा आवाज फोनवर टेप करायचा, त्या खर्र-खर्र-खट्टवर बोल म्हणायचा आणि 'बिनचावी' या नावाने नेटवर टाकून द्यायचा. ऐकणारे कोण? निम्म्या वेळा तो स्वतःच. 'तिसरा गडी' नावाचा कोणीतरी प्रत्येक गाण्याखाली आगीचं चित्र टाकायचा. शंक्याला तो माणूस नसून यंत्र असावं अशी शंका होती.

ही गाणी आपली आहेत, हे त्याने जगात कोणाला सांगितलं नव्हतं. खांबालाही नाही. खांब म्हणजे त्याचा बालपणापासूनचा दोस्त, दारातून वाकून येणारा, घरोघर पाण्याचे जार पोचवणारा, आणि संघातला सगळ्यात उंच गडी. खांब हसेल, नाहीतर ओळी ढापून दुसऱ्याला ऐकवेल. काय भरवसा!

आता गोष्ट अशी झाली, की त्यांच्या संघाची स्वतःची बोली होती. कप्तान मैदानात आकडे ओरडायचा नाही, घरातल्यासारखं ओरडायचा. "दूध उतू गेलं!" म्हटलं, की खांबाने सगळ्यांच्या मागून रिंगखाली पळायचं आणि शंक्याने चेंडू डोक्यांवरून तिकडे फेकायचा. "पाहुणे आले!" म्हटलं, की सगळ्यांनी उजवीकडे गर्दी करायची आणि डावी बाजू मोकळी सोडायची. समोरचा संघ बावचळून बघत राहायचा, हे लोक खेळतायत की संसार करतायत!

गोदामातल्या कामगारांच्या संघाशी, म्हणजे गोदामवाल्यांशी, सामना झाला त्या संध्याकाळी मात्र कोणी बावचळलं नाही. "दूध उतू गेलं" असं कप्तानाच्या तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत गोदामवाल्यांचे दोन गडी रिंगखाली जाऊन उभे. "पाहुणे आले" म्हटलं तर त्यांचा टकल्या कप्तान डावीकडे, हात पसरून, जणू पाहुण्यांच्या स्वागताला. शंक्याच्या संघाचा पार धुव्वा उडाला. पण हरलं म्हणून सगळं संपलं नव्हतं. साखळीत अजून एकदा गाठ पडायची होती, आणि ती हरले तर खेळ खलास.

"कोणीतरी फोडलंय," कपडे बदलायच्या खोलीत शंक्या म्हणाला. बाकीचे घाम पुसत होते. आणि शंक्याचं डोकं चाव्यांच्या मशीनसारखं फिरायला लागलं. खांबाच्या पायात नवे बूट. कुठून आले? खांब रोज गोदामात जार घेऊन जातो. गेल्या आठवड्यात तिथल्याच फाटकाशी टकल्याबरोबर चहा पीत उभा होता, खिदळत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं आत्ता बघा, मान खाली घालून बुटांच्या नाड्याच सोडतोय!

"बूट कुणी दिले रे?" शंक्याने विचारलं.

"दाजींनी," खांब म्हणाला. मग त्याने मान वर केली. सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्याला कळलं. "म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मी कुठे काय म्हणतोय? टकल्याबरोबर चहा काय उगाच होतो?"

"तो माणूस जार उतरवायला हात लावतो रे! चहा विचारतो, मी पितो!" खांबाचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. "तू विचारतोयस हे? तू?"

शंक्या त्या नव्या बुटांकडेच बघत राहिला. तेच उत्तर झालं. खांबाने नवे बूट तिथेच बाकाखाली सारले, अनवाणी पायात जुन्या चपला अडकवल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी सरावाला आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शंक्याला वाईट वाटत होतं, खोटं का सांगा! पण वाईट वाटतंय म्हणजे आपण खरंच बोललो, अशी उलटी समजूत काढून तो चाव्या घासत बसला. खरा असता तर भांडला नसता का? गपगुमान गेला, त्यातच आलं सगळं.

सामन्याच्या आदल्या दुपारी मामा जेवायला गेला होता आणि दुकानाच्या दारात टकल्या उभा राहिला.

"गोदामाच्या कुलपाची अजून एक चावी हवी होती," तो म्हणाला.

"दुसरी कुणासाठी?" शंक्याच्या तोंडून गेलंच.

"पहाटपाळीवाल्यासाठी," टकल्या सरळ म्हणाला. शंक्याने चावी घेतली, शिकंज्यात अडकवली, मशीन सुरू केलं. खर्र-खर्र-खट्ट. खर्र-खर्र-खट्ट. टकल्या आधी फोन बघत होता. मग त्याची मान हलायला लागली. मग त्याने फोन खिशात टाकला आणि मशीनकडे डोळे फाडून बघायला लागला.

"थांब थांब थांब! हा आवाज... अरे हा तर बिनचावीचा ठेका!"

शंक्याचा हात मशीनवरच थिजला.

"तू... तूच बिनचावी?" टकल्याने काउंटरवर दोन्ही हात आपटले. "अरे मी तिसरा गडी! तुझं एकही गाणं चुकवलं नाही मी, भावा! अख्ख्या गोदामाला ऐकवलंय. पोती उचलताना आम्ही तुझंच लावतो!" आणि त्याने तिथेच, चाव्यांच्या भिंतीवर थाप मारत, सुरू केलं:

"कप्तान बोले 'दूध उतू', खांब पळे मागच्या दारी,
'पाहुणे आले' म्हटलं की डावी बाजू मोकळी सारी!"

शंक्याच्या पायांखालची जमीन सरकली. हे त्यानेच लिहिलं होतं. त्याला वाटलं होतं, छान जुळतंय, घरगुती शब्द आहेत, गंमत आहे. ही आपल्या संघाची चावी आहे आणि ती आपण भर रस्त्यात टांगतोय, हे गाणं टाकताना त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. जगावर शंका घेणाऱ्या या पठ्ठ्याला स्वतःची शंका तेवढी कधी आली नव्हती.

"त्या दिवशी तुमचा कप्तान पहिल्यांदा ओरडला ना, मी उडालोच," टकल्या सांगत होता. "म्हटलं, हे तर गाण्यातले लोक! तुमच्यातला बिनचावी कोण ते नाही कळलं, पण खांबाला लगेच ओळखलं. तो जार आणतो तेव्हा मी कितीदा त्याला विचारणार होतो, पण म्हटलं, गाण्यातला माणूस आहे, उगाच कशाला लाजवा. खरंच आहे का रे तसा तो?"

"कसा?"

"अरे, शेवटी नाही का? सगळ्यात भारी ओळ तीच!" आणि टकल्याने आवाज खाली आणून म्हटलं:

"सावलीवरही शंका माझी, कोणावरच नाही भिस्त,
खांबाकडे डोळे मिटून फेकतो, तिथे शंका बरखास्त."

शंक्याने मशीन बंद केलं. अर्धवट कापलेली चावी टकल्याच्या हातावर ठेवून "मामा आला की पुरी करून घे" एवढंच म्हणाला आणि दुकान तसंच उघडं टाकून निघाला. जाताना मैदानातल्या खोलीतून, बाकाखालून, ते बूट तेवढे उचलले.

खांब घराच्या पायरीवर रिकामे जार धूत बसला होता. बुटांकडे बघून न बघितल्यासारखं करत त्याने फक्त विचारलं, "आता काय? चपलांवर शंका आलीय का?"

"मी फोडलं," शंक्या म्हणाला. "मीच. गाण्यात."

आणि त्याने इयरफोन पुढे केले. खांबाने ओले हात पँटला पुसले आणि ते कानात घातले. शंक्या समोर उभा. आत काय चाललंय हे फक्त खांबाच्या चेहऱ्यावरून कळायचं, आणि तिथे काहीच कळत नव्हतं. दूध उतू गेलं असेल. पाहुणे आले असतील. मग खांबाचे डोळे एकदम खाली वळले, आणि शंक्याला कळलं, आता ती ओळ चालू आहे. त्याला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी.

खांबाने इयरफोन काढून परत दिले.

"हे टकल्याने ऐकलं," तो म्हणाला. "अख्ख्या गोदामाने ऐकलं."

"हो."

"मला नाही ऐकवलंस."

शंक्याचे डोळे भरून आले. "भीती वाटली रे. तू हसशील म्हणून."

खांब उठला. बूट उचलून घेतले, दारातून वाकून आत गेला आणि दार लोटलं. शंक्या पायरीपाशी उभा राहिला. इतकी वर्षं कुलपं हाताळून त्याचा कान तयार झाला होता. कडी बसल्याचा आवाज येतो का, ते तो ऐकत होता. आवाज आला नाही. दार नुसतं मिटलेलं होतं.

आता कडी राहून गेली, की खांबाने मुद्दाम लावली नाही? मुद्दाम असेल तर आत बोलावतोय, की आत घेऊन दोन ठेवून देणार आहे? शंका अगदी ओठांवर आली. शंक्याने ती गिळली, डोळे मिटले आणि दार ढकललं.