चर्चचा उंबरा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण पुंजाबा गेले त्याला आता चार महिने झाले. आता चालेल.

तर २००६ सालचा एक सोमवार. पुंजाबा चर्चच्या दारात उकिडवे बसलेले, हातात छिन्नी-हातोडा. मी आत स्पीकरची वायर ओढत होतो. त्यांचा मुलगा संतोष, माझा शाळेपासूनचा दोस्त, रिकामं घमेलं घेऊन मागं उभा. दारातला उंबरा काढायचं काम चर्चच्या कमिटीनं खरं तर संतोषला दिलेलं. पुंजाबा म्हणाले, मी बसवला, मीच काढीन.

नाशिकला आमच्या कॉलनीत आधी प्रार्थनेला पत्र्याची शेड होती. हे चर्च पंचाण्णव-शहाण्णवचं. गोल आहे. वेदी मधोमध, बाकं चहूबाजूंनी, वर काँक्रीटचं छत आणि त्यात एक काच. दुपारी उजेड सरळ वेदीवर पडतो. फादर तुस्कानोंना रस्त्यापासून वेदीपर्यंत फरशी सपाट हवी होती, आत येणाऱ्याला काही आडवं यायला नको म्हणून. आर्किटेक्टनं तसंच काढलं होतं.

पुंजाबा पेठ तालुक्याकडचे गवंडी. चर्च कधी बांधलेलं नाही. नकाशात दाराला उंबरा दिसेना, तर त्यांना वाटलं, साहेब काढायला विसरला. सुट्टीच्या दिवशी एकट्यानं येऊन चार बोटं उंच काळा दगड बसवला. वर हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट भयंकर तापला.

"सायेब, बिनउंबऱ्याचा गोठा असतो," पुंजाबा म्हणाले. "देवाला गोठ्यात ठेवायचं का?"

फादर हसायलाच लागले. "पुंजाबा, आमचा देव गोठ्यातच जन्मला." मग आर्किटेक्टला म्हणाले, राहू द्या.

दहा वर्षं राहिला. नव्या नवऱ्या वाकून त्याला हात लावून आत जायच्या. चर्चमध्ये असं करतात का, कुणी विचारलं नाही. मग त्या वर्षी म्हाताऱ्या कुसाबाई मिस्साची प्रार्थना संपवून निघताना त्याला अडखळल्या आणि खुबा मोडला. पुंजाबा केळी घेऊन दवाखान्यात गेले, वॉर्डाच्या बाहेर उभे राहिले, केळी नर्सकडे देऊन परत आले.

त्या सोमवारी दगड अखंड निघाला. वॉचमन म्हणाला, घरी न्या. पुंजाबा नको म्हणाले, देवाच्या दारातला घरी लावत नाहीत. खड्डा भरला, फरशी बसवली, लेव्हल तीनदा बघितली. कुसाबाईंची चाकाची खुर्ची अडायला नको.

"कमिटीनं सांगितलं ते बरं झालं," हात धुवायला उठताना ते मला म्हणाले. "परक्याचं काय वाटत नाय. घरचं कोणी बोललं असतं ना, तर लय लागलं असतं."

ते नळाकडे गेले. संतोष खालीच बघत होता.

"कमिटी पिवळा पट्टा मारणार होती नुसता," तो हळू बोलला. "काढा म्हणून मीच त्यांना सांगितलं."

"का रे?"

"लोक म्हणायचे, पुंजाच्या दगडानं बाई पाडली. रोज ऐकायचो. नाय सहन झालं."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. संतोषनं माझं मनगट पकडलं.

मी म्हणालो, "बा आहेत तोवर माझ्या तोंडून निघणार नाही."