प्रेमिलाचा तिसरा मजला

धाकट्या जावेच्या घराला प्रेमिलाने पाया खणतानाच नाव ठेवून टाकलं होतं, 'खेडं'. नागपूरच्या नंदनवन वस्तीत, तिच्या घराच्या अगदी मागच्या प्लॉटवर, प्रीती आणि धाकटा दीर प्रशिक घर बांधत होते, आणि ते काय, तर कौलारू! मध्ये उघडा चौक, भोवती ओसरी, हातभर जाड भिंती आणि खिडक्यांच्या जागी विटांची जाळी.

"काहून वं, काचेले पैसे नाही पुरले का?" तिने जावेला तोंडावर विचारलं होतं. प्रीती नुसती हसली. ते हसणंच प्रेमिलाला जास्त लागलं.

प्रेमिलाचं स्वतःचं घर म्हणजे नातेवाइकांत कौतुकाचा विषय. रस्त्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत निळी काच. पण जावेचं खेडं उभं राहिलं आणि लोक तिकडे फोटो काढायला थांबू लागले. प्रेमिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने नवऱ्यामागे लकडा लावला आणि हिवाळ्यात आपल्या दुमजली घरावर तिसरा मजला चढवला. तिथे राहणार कोण, हे तिने सांगितलं नाही आणि नवऱ्यानेही विचारायची हिंमत केली नाही. त्या कौलांकडे वरून बघता यावं, एवढंच तिला हवं होतं.

मग उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा कोणाची भीड ठेवत नाही. सासरे देवराव बायको गेल्यापासून मोठ्या सुनेकडेच राहिलेले, चहा तिच्याच हातचा पिणारे. ते "दोन दिवस जाऊन येतो" म्हणत आपली खाट घेऊन मागच्या घरी गेले, ते आलेच नाहीत. लोकांचे फोटो प्रेमिलाने एक वेळ सोसले असते. सासऱ्यांची रिकामी खोली झाडताना मात्र तिला रडू आलं. जावेने तिचा माणूसच नेला होता.

बुद्धपौर्णिमेची खीर दरवर्षी मोठ्या घरी व्हायची. या वर्षीही ती तिथेच होणार आणि त्या दिवशी बाबा खाटेसकट परत येणार, असं प्रेमिलाने मनाशी ठरवून टाकलं. वंदना झाली, दुपारी बाबा आले, नातेवाईक आले, आणि वाट्या भरायला घेतल्या तोच लाईट गेली. एसी बंद पडले. इन्व्हर्टरवरचे पंखे गरम हवाच फिरवत राहिले. काचेमागे बसलेली माणसं ओल्या फडक्यासारखी गळाली. आधी पोरं निसटली, मग बाया, शेवटी देवरावही वाटी घेऊन उठले. मागच्या दाराने सगळे प्रीतीच्या चौकात जाऊन बसले. प्रेमिला खिरीच्या गंजापाशी एकटी उरली.

आज प्रीतीला दोन शब्द सुनावायचेच, असं म्हणत तिने गंज उचलला आणि ती तरातरा मागे गेली.

"बाबा, माह्या घरात तुमाले असं काय कमी पडलं?" तिने सगळ्यांदेखत विचारलं. बोलता बोलता आवाज फाटला.

देवराव ओशाळले. "तसं नाही वं सूनबाई..."

"ताई, मी सांगतो खरं काय ते," प्रीती म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात बाबा इथं एक दिवस नाही टिकले. घरात थंड, पण चौकात दुपारभर ऊन. आर्किटेक्ट म्हणे, पश्चिमेले, तुमच्या घराच्या बाजूनं, मोठं झाड लावा. झाड काय एका वर्षात वाढते? तितक्यात तुमचा तिसरा मजला झाला. आता जेवणं होत नाही त इथं सावली पडते. मी बाबाले हेच सांगून राहिली होती, ताईनं सावली केली आपल्याले."

टोमणा होता का, ते प्रेमिलाने जावेच्या तोंडाकडे बघून तपासलं. नव्हता. म्हणून तर आणखी जळफळाट झाला.

तिने मान वर केली. तिच्याच घराची मागची भिंत, वर तो बिनकामाचा मजला, पलीकडच्या अंगावर ऊन झेलत उभा. त्याची सावली चौकभर पसरलेली आणि त्या सावलीत बाबांची खाट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासरे तिने आपल्याच हाताने जावेला देऊन टाकले होते.

सगळे तिच्याकडे बघत होते. देवराव खाटेवर थोडे सरकले. "बस वं, प्रेमिला."

ती बसली नाही. तिने गंज चौकाच्या बरोबर मधोमध ठेवला, पदर खोचला आणि वाढायला पुढे आलेल्या प्रीतीच्या हातातला डाव काढून घेतला.

"सरक वं प्रीती. खीर मी वाढतो. सावली माही हाय."