एकटीचा अर्ज

इरावती ख्राइस्टचर्चच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. त्याआधी काही वर्षं ती आणि तिचा नवरा ऋतुराज डब्लिनला राहिले होते. त्यामुळे न्यूझीलंडच्या रेसिडेन्सीसाठी दोघांनाही आयर्लंडच्या पोलिसांचा दाखला लागणार होता. तिनं स्वतःचा कधीच मागवून घेतला. ऋतुराजनं स्वतःच्या दाखल्यासाठी बोटही हलवलं नाही.

"मी काय चोर आहे, पोलिसांकडे चांगुलपणाचं सर्टिफिकेट मागायला?" तो सोफ्यावरून म्हणाला. "मेंढ्यांचा देश हा. यांनी आपल्याला हातापाया पडून बोलवायला हवं."

देशाला हवी होती ती इरावती. हा तिच्या व्हिसाला लटकून आला होता. डब्लिनमध्ये त्याला आयरिश लोक आळशी वाटायचे, इथं किवी अडाणी. त्याच्या तोलामोलाची नोकरी दोन्हीकडे कुणाला देता आली नव्हती.

नवरा-बायको म्हणून खरंच एकत्र नांदतो, याचे पुरावेही द्यायचे होते. त्यासाठी ओळखीच्यांची पत्रं चालत. तिच्याच वॉर्डातली स्नेहलता पत्र लिहायला हौसेनं घरी आली.

"काय लिहू गं? सुट्टीच्या दिवशी दोघं काय करता?"

इरावती आठवू लागली, तेवढ्यात ऋतुराज म्हणाला, "लिहा, हिला फॉर्म भरायचा नाद आहे आणि मी तो सहन करतो. नर्सबायांचं डोकं तेवढ्यातच चालतं."

स्नेहलतानं कप खाली ठेवला. इरावतीला वाटलं, आपल्याला आता लाज वाटेल. पण आली ती किळस, सिंकच्या जाळीत अडकलेलं खरकटं बोटांनी काढताना येते तशी.

"राहू दे पत्र," ती म्हणाली.

मैत्रीण गेल्यावर तिनं लॅपटॉप उघडला, अर्जातून ऋतुराजला वगळलं आणि एकटीचाच अर्ज पाठवला.

काही महिन्यांनी मंजुरी आल्याचं तिनं सांगताच त्यानं मित्रांना फोन लावले. "मिळाली आम्हाला! म्हटलं नव्हतं, झक मारून देतील?" तिनं त्याला सगळे फोन करू दिले. मग ईमेल दाखवली.

"यात माझं नाव कुठंय?"

"मी टाकलंच नाही."

"अगं, मग माझं काय?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "इरा, प्लीज, काहीतरी कर ना."

हे 'प्लीज' तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. तिला त्याची कीवसुद्धा आली नाही.

"तुझा व्हिसा संपायच्या आत तिकीट काढ," ती म्हणाली आणि ड्यूटीला निघून गेली.

हल्ली तो पुण्यात असतो. न्यूझीलंडमध्ये दम नव्हता म्हणून आपणच ते सोडलं, असं सांगत फिरतो. इरावतीच्या ते कानावर येतं. खोडून काढण्याची तसदी ती घेत नाही.